मध्ययुगीन इंग्रजी अलाबास्टर फलकाची नोंद कशी करावी

चौदाव्या शतकाच्या मध्यापासून सोळाव्या शतकाच्या मध्यापर्यंत इंग्लंडमध्ये कोरलेले अलाबास्टर या मऊ, दुधट दगडाचे ख्रिस्ती धार्मिक फलक आज लंडन, नॉटिंगहॅम, ग्लासगो, पॅरिस, न्यूयॉर्क अशा अनेक ठिकाणच्या संग्रहालयांत पाहायला मिळतात, आणि त्यांची छायाचित्रे घरबसल्याही अभ्यासता येतात. कलेतिहासाचे विद्यार्थी आणि हौशी अभ्यासक या फलकांच्या ज्या नोंदी करतात, त्यांत एक चूक सतत आढळते. शेजारची पाटी आधी वाचली जाते, तिच्यावरचे प्रसंगाचे नाव मनात पक्के बसते आणि मग फलकात तेवढेच पाहिले जाते जेवढे त्या नावाला पुष्टी देते. दगड, कडा, रंगाचे अवशेष, तुटलेल्या जागा, तारेची भोके हे सगळे नोंदीबाहेर राहते. प्रत्यक्षात हा फलक कुठे होता, कशात बसवला होता आणि त्याचे पुढे काय झाले हे नेमके त्याच गोष्टी सांगतात.

म्हणून खाली दिलेला क्रम मुद्दाम उलटा आहे. वस्तू आधी, आकृत्या नंतर, प्रसंगाचे नाव त्याहून नंतर आणि काळ सर्वांत शेवटी. हा क्रम मोडू नये.

## १. तयारी

बऱ्याच दालनांत शाईच्या पेनाला मनाई असते, म्हणून पेन्सिल न्यावी. सोबत आलेखाचा कागद आणि शक्य असल्यास छोटी दुर्बीण ठेवावी, कारण फलक काचेमागे किंवा डोक्याच्या वर लावलेले असतात आणि भिंग तिथवर पोहोचत नाही. खिशातली विजेरी वापरायची असल्यास दालनातील कर्मचाऱ्यांची परवानगी आधी घ्यावी. छायाचित्र काढताना फ्लॅश बंद ठेवावा; परवानगीचा प्रश्न बाजूला ठेवला तरी समोरून पडणारा झगझगीत प्रकाश कोरीवकामाची खोली पुसून टाकतो आणि ते छायाचित्र अभ्यासाच्या उपयोगाचे राहत नाही.

छायाचित्रांवरून अभ्यास करणाऱ्यांनी लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाच्या संकेतस्थळापासून सुरुवात करावी. डॉ. वॉल्टर लिओ हिल्डबर्ग यांनी १९४६ मध्ये आपला मोठा संग्रह या संग्रहालयाला दिला, त्यामुळे तुलनेसाठी लागणारे एकाच प्रसंगाचे अनेक फलक येथे एकत्र सापडतात. छायाचित्र उतरवून घेताना त्याबरोबर नोंदणी क्रमांक आणि मापेही लिहून घ्यावीत. मापाशिवायचे छायाचित्र फसवते, कारण पडद्यावर हातभर फलक आणि वीतभर तुकडा सारखेच दिसतात.

वाचनाची तयारीही लागते. मराठी बायबलमधील लूक १ व २, मत्तय २ आणि २६ ते २८, योहान १८ ते २० ही प्रकरणे आणि प्रेषितांची कृत्ये यातील पहिले प्रकरण वाचून ठेवावे. मात्र एवढ्यावर थांबू नये. येशूची आई मरीया हिचे स्वर्गात उचलले जाणे, तिचा राज्याभिषेक, संत कॅथरीन किंवा संत मार्गारेट यांच्या कथा बायबलमध्ये नाहीत. त्या मध्ययुगीन संतचरित्रांतून आल्या असून त्यांतला सर्वांत प्रचलित संग्रह म्हणजे याकोबस दे व्होराजिने याने तेराव्या शतकात रचलेली ‘सुवर्ण आख्यायिका’. जो प्रसंग बायबलमध्ये सापडत नाही तो फलकात ‘चुकीचा’ कोरला आहे, असा निष्कर्ष अनेक नोंदींत दिसतो आणि तो केवळ अपुऱ्या वाचनातून आलेला असतो.

तपासणी: कागदावर दहा रकाने आखले का? माप, कडा, दगड, कोरीवकाम, पाठ, रंग, हानी, आकृत्या, प्रसंग, काळ व ठिकाण. शेवटचे दोन रकाने सध्या दुमडून ठेवावेत.

## २. डावे-उजवे आधी ठरवून घ्यावे

नोंदीच्या पहिल्या ओळीतच लिहावे की ‘डावे’ आणि ‘उजवे’ हे शब्द पाहणाऱ्याच्या बाजूने आहेत की फलकातील मूर्तीच्या बाजूने. माझा आग्रह असा आहे की आकृत्यांच्या जागा पाहणाऱ्याच्या बाजूने सांगाव्यात आणि हात-पाय मात्र मूर्तीचे स्वतःचे मानावेत. म्हणजे ‘डावीकडील सैनिक’ हा आपल्या डाव्या हाताला असतो, पण ‘येशूचा उजवा हात’ हा येशूचाच उजवा. हे न लिहिल्यामुळे दोन अभ्यासक एकाच फलकाबद्दल बोलत असूनही वेगवेगळ्या फलकांबद्दल बोलत असल्यासारखे वाटते. छायाचित्र आरशाप्रमाणे उलटे छापले गेले असेल तर तेही याच टप्प्यावर लक्षात यायला हवे. आशीर्वाद देणारा हात डावा निघाला, तर आधी छायाचित्रावर संशय घ्यावा.

## ३. माप आणि कडा

वेदीमागच्या शिल्पपटात बसवलेला नेहमीचा फलक सुमारे ४० सेंटिमीटर उंच आणि २५ सेंटिमीटर रुंद असतो. जाडी काही सेंटिमीटरच असते. मधला फलक शेजारच्या फलकांपेक्षा बऱ्याचदा उंच असे, म्हणून माप नेहमीपेक्षा जास्त निघाले तर तो ओळीच्या मध्यभागी असण्याची शक्यता टिपून ठेवावी.

आता चारही कडा एकेक करून पाहाव्यात. कड सरळ तासलेली आहे, की दगड तुटून वेडीवाकडी झाली आहे? कडेपाशी एखादे कोपर, पंख किंवा भाल्याचे टोक अर्ध्यावर तुटले आहे का? आकृती मुळातच कडेवर संपवलेली असेल तर कोरीवकाम कडेपर्यंत गुळगुळीत येते. फलक नंतर कापला असेल तर कापाची रेघ वस्त्राच्या चुण्यांतून किंवा चेहऱ्यातून कसलाही मुलाहिजा न ठेवता जाते.

वरची कड विशेष महत्त्वाची आहे. काही फलकांच्या माथ्यावर किल्ल्याच्या तटावर असतात तशा चर्या त्याच दगडातून कोरलेल्या असतात. काही ठिकाणी माथा साधा सपाट असतो आणि त्यावर जाळीदार कोरीव छत्र वेगळ्या दगडाचे करून बसवलेले असे. हे छत्र आज हरवलेले असते आणि मग सपाट माथ्याचा फलक ‘अपूर्ण’ म्हणून नोंदला जातो. तो अपूर्ण नसतो, त्याचा जोडीदार हरवलेला असतो.

इशारा: तुकड्याला संपूर्ण रचना समजू नये. दोन सैनिक आणि एक पाय एवढेच उरले असेल तर तेवढेच लिहावे.

## ४. दगड

हे अलाबास्टर म्हणजे जिप्सम, अर्थात पाणी धरून असलेले कॅल्शियम सल्फेट. तो डर्बीशरमधील चेलॅस्टन, स्टॅफर्डशरमधील टटबरी आणि त्यांच्या आसपासच्या खाणींतून निघे. इजिप्तकडील भांड्यांना ज्या दगडामुळे अलाबास्टर म्हटले जाते तो दगड मात्र कॅल्शियम कार्बोनेट असतो, म्हणजे चुनखडीच्या कुळातला. दोन्हींचा एकाच रकान्यात समावेश करणे ही जुनी आणि चिवट चूक आहे.

डोळ्यांनी ओळखण्याच्या खुणा पुरेशा आहेत. जिप्सम अलाबास्टरला दुधट, किंचित पारदर्शक झाक असते. पंखाच्या टोकासारख्या पातळ जागी प्रकाश आतून झिरपल्यासारखा दिसतो. दगडात लोहाच्या अंशामुळे आलेल्या तांबूस-तपकिरी शिरा किंवा ढगाळ डाग असतात. पृष्ठभाग मेणचट दिसतो, संगमरवराप्रमाणे बारीक कणांनी लुकलुकत नाही. शिरा रंगाच्या डागांशी गल्लत करण्याजोग्या असतात, म्हणून त्यांची दिशा पाहावी. शीर चेहरा, वस्त्र आणि पार्श्वभूमी यांची पर्वा न करता आरपार जाते, रंग मात्र आकृतीची मर्यादा पाळतो.

मोस यांच्या काठिण्यमापनात जिप्समचा क्रमांक २ आहे, म्हणजे नखानेही त्यावर ओरखडा उठतो. कोरक्यांना एवढे बारीक काम साधले ते याच मऊपणामुळे, आणि आज या फलकांना सर्वांत मोठा धोकाही त्यातूनच आहे.

इशारा: नखाने, सुईने किंवा आम्लाच्या थेंबाने ‘खात्री’ करून पाहू नये. फलक खाजगी मालकीचा असला तरीही ओल्या फडक्याने पुसू नये. जिप्सम पाण्यात थोडा विरघळतो, एका लिटरमध्ये साधारण दोन ग्रॅम, आणि वारंवार ओल्या फडक्याने पुसलेल्या फलकांची नाके, बोटे आणि रंगाचे शेवटचे कण अशानेच गेले आहेत. तापणाऱ्या दिव्याजवळही तो ठेवू नये. उष्णतेने त्यातील पाणी निघून जाते आणि दगड पांढराफटक, भुकटीसारखा होतो. धूळ झटकायची असेल तर कोरडा, मऊ कुंचला आणि तोही संवर्धकाच्या सल्ल्याने, रंग सुटत नाही याची खात्री झाल्यावरच.

## ५. कोरीवकाम, तिरप्या प्रकाशात

समोर उभे राहून पाहिल्यावर फलकाच्या एका बाजूला सरकावे आणि अगदी कडेच्या कोनातून पाहावे. येथे दोन प्रश्नांची उत्तरे शोधायची असतात.

पहिला प्रश्न उठावाचा. आकृत्या पार्श्वभूमीला चिकटून आहेत, की त्यांच्या मागून दगड पोखरून काढल्यामुळे डोकी, हात, भाले जवळपास सुटे झाले आहेत? सर्वांत पुढे आलेली जागा आणि सर्वांत खोल गेलेली जागा यांत किती अंतर आहे, हे अंदाजाने लिहावे.

दुसरा प्रश्न कामाच्या दर्जाचा आणि तो समान आहे का याचा. मुख्य आकृतीचा चेहरा मन लावून घासून गुळगुळीत केलेला आणि मागच्या गर्दीतील चेहरे झटपट उरकलेले, असे बऱ्याच फलकांत दिसते. कपाळ उंच, डोळे फुगीर व जड पापण्यांचे, गालाची हाडे वर आलेली हा या परंपरेचा सर्वसाधारण साचा आहे. येशूला फटके मारणारे किंवा त्याची थट्टा करणारे लोक मात्र जाणूनबुजून विद्रूप, वाकडतिकडे कोरलेले असतात. त्यांच्यावरून कारागिराच्या कौशल्याचे माप काढू नये.

तपासणी: या टप्प्यापर्यंत नोंदीत एकाही व्यक्तीचे नाव आलेले नसावे. ‘मरीया’ लिहिले असेल तर खोडून ‘डोक्यावरून पदर घेतलेली स्त्री’ असे लिहावे.

## ६. पाठ

संग्रहालयात पाठ दिसत नाही, परंतु ऑनलाइन नोंदींत कधीकधी तिचे छायाचित्र दिलेले असते आणि ते शोधण्याचे कष्ट जरूर घ्यावेत. पाठ सहसा ओबडधोबड असते, छिन्नीचे घाव तसेच राहिलेले असतात, आणि काही फलकांत खालचा भाग पोखरून हलका केलेला असतो. लक्ष द्यायचे ते भोकांकडे. या भोकांत शिसे ओतून पितळेसारख्या मिश्रधातूची तार घट्ट केलेली असे आणि त्या तारेने फलक लाकडी चौकटीला बांधला जाई. भोके किती, कोणत्या उंचीवर, शिसे उरले आहे का, तारेचा तुकडा दिसतो का, हे लिहावे. कोरलेल्या रेघा किंवा साध्या खुणा असतील तर त्या आहेत तशा कागदावर उतरवाव्यात, त्यांचा अर्थ लावू नये. कोणता फलक ओळीत कुठे बसवायचा यासाठीही अशा खुणा केल्या जात.

चौकट कशी असे याची कल्पना यावी म्हणून व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील स्वॉन्सी शिल्पपट पाहावा. सात फलक आपल्या लाकडी चौकटीत ओळीने उभे आहेत, दोन टोकांना बाप्तिस्मा करणारा योहान आणि शुभवर्तमानकार योहान असे दोन संत आहेत. सुटा फलक पाहताना तो अशाच एखाद्या ओळीतून निसटलेला आहे हे मनात ठेवले, म्हणजे ‘आकृती एका बाजूला का वळली आहे’ यासारख्या प्रश्नांची उत्तरे आपोआप मिळू लागतात.

## ७. रंग

सर्वांत जास्त घाई याच टप्प्यावर होते, म्हणून येथे मुद्दाम वेळ द्यावा. हे फलक पांढरे ठेवण्यासाठी कोरलेले नव्हते, तसेच ते पायापासून माथ्यापर्यंत रंगवलेलेही नसत. चेहरे आणि हात पुष्कळदा दगडाच्याच रंगात राखले जात, त्यावर ओठ, डोळे, भुवया एवढेच रंगवले जात. केस, दाढ्या, मुकुट यांना सोनेरी मुलामा असे. झग्याचा बाहेरचा भाग दगडाचाच ठेवून काठ सोनेरी आणि आतले अस्तर लाल किंवा निळे केलेले असे. म्हणून चेहऱ्यावर रंग नाही एवढ्यावरून ‘रंग नष्ट झाला आहे’ असे लिहू नये.

पाहण्याचा क्रम खालून वर ठेवावा. पायांपाशी जमीन असते आणि ती गडद हिरवी असते. आज ती काळपट दिसते, म्हणून अनेकांना ती मळ वाटते. त्या हिरव्यावर नीट पाहिले तर मध्ये एक तांबडा ठिपका आणि त्याभोवती पांढऱ्या ठिपक्यांचे कडे, अशी ठिपक्यांच्या रांगोळीतल्या फुलासारखी बारीक फुले दिसतात. ही डेझीची फुले इंग्रजी फलकांची जवळजवळ सही मानता येतील. झोपलेल्या सैनिकाच्या टाचेखाली, सिंहासनाच्या पायरीशी, देवदूताच्या पावलांमध्ये, म्हणजे जिथे पुसणाऱ्याचे फडके पोहोचले नाही तिथे ती टिकून राहतात. कधी पांढरे ठिपके गळून गेलेले असतात आणि हिरव्यावर फक्त फिकट वर्तुळ उरते, तेही नोंदवावे.

नंतर वर जावे. पार्श्वभूमीचा वरचा भाग सोनेरी असे आणि त्यावर खडूच्या पुडीच्या लेपाचे छोटे गोल उंचवटे बसवून त्यांनाही मुलामा दिलेला असे. सोने गेले आणि उंचवटेही पडले, तरी त्यांच्या जागी नियमित अंतरावर गोल डाग राहतात. मग काखा, दाढीखालची खाच, पंखांच्या आतली बाजू, वस्त्राच्या खोल चुण्या पाहाव्यात. प्रत्येक रंगापुढे तो कुठे दिसला हे लिहावे; ‘लाल रंगाचे अवशेष’ एवढे लिहून काहीच साधत नाही.

देवदूताच्या किंवा संताच्या हातातील पट्टी आज कोरी दिसते, त्यावरूनही गैरसमज होतात. तिच्यावरील अक्षरे कोरलेली नसत, रंगाने लिहिलेली असत, आणि रंगाबरोबर ती गेली.

इशारा: अगदी ताजा, सर्वत्र सारखा आणि तुटलेल्या जागेवरही चढलेला रंग दिसला तर तो नंतरचा आहे असे मानून वेगळ्या ओळीत नोंदवावा.

## ८. हानी: काय तुटले, काय गळले

इंग्लंडमधील धर्मसुधारणेच्या काळात या मूर्तींवर सरकारी आदेशाने गदा आली. १५३८ मध्ये संत थॉमस बेकेट याच्या प्रतिमा काढून टाकण्याचा हुकूम निघाला, सहाव्या एडवर्डच्या कारकिर्दीत १५४७ पासून बंदी व्यापक झाली आणि १५५० च्या कायद्याने उरलेल्या मूर्तींचाही नाश करायला लावले. त्याच वर्षी फ्रान्समधील इंग्रजी वकील सर जॉन मेसन याने कळवले की मूर्तींनी भरलेली तीन-चार जहाजे इंग्लंडहून आली असून मूर्ती पॅरिस, रूआन वगैरे ठिकाणी विकल्या गेल्या आहेत.

हा इतिहास ठाऊक असल्यामुळेच चूक होते. प्रत्येक तुटलेले नाक मूर्तिभंजकांच्या माथी मारले जाते. त्याऐवजी तुटलेल्या जागेचा प्रकार आधी ठरवावा. गुळगुळीत कडांचे, सामत्याने पाडलेले गोल भोक म्हणजे तेथे एखादा वेगळा केलेला भाग जोडलेला होता आणि तो गळून पडला. खडबडीत, टवका उडालेली जागा म्हणजे दगड तुटला. केवळ चेहरे आणि आशीर्वादाचे हातच फोडलेले असतील आणि त्यांच्याइतकेच पुढे आलेले इतर भाग शाबूत असतील, तरच मुद्दाम केलेल्या तोडफोडीचा संशय घ्यावा. पुढे आलेले सगळेच भाग सारखे झिजले असतील तर तो अपघात किंवा वापर. साखरेच्या दाण्यासारखा खरखरीत झालेला पृष्ठभाग ओलावा लागल्याचे सांगतो.

तपासणी: प्रत्येक हानीपुढे ‘तुटले’, ‘गळले’, ‘झिजले’ यांपैकी एक क्रियापद आहे का? ‘खराब झाले’ हे क्रियापद वापरू नये.

## ९. आकृत्या, मग प्रसंग

आता आकृत्या मोजाव्यात. आधी सर्वांत मोठी आकृती, मग तिच्या दिशेने पाहणाऱ्या, मग कोपऱ्यांतल्या लहान आकृत्या. प्रत्येकीचे आसन, डोके, हात आणि हातातील वस्तू एवढे लिहावे. हे झाल्यावरच प्रसंगाचा दुमडलेला रकाना उघडावा.

पुनरुत्थानाचा फलक उदाहरण म्हणून घेऊ. मध्यभागी एक उंच पुरुष आहे, अंगावर खांद्यावरून आलेले एकच वस्त्र, छाती उघडी. तो झाकण उघडलेल्या पेटीसारख्या चौकोनी कबरेतून बाहेर पडतो आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला आहे किंवा मनगटापासून तुटला आहे. डाव्या हातात क्रूसाची काठी होती, आज फक्त मूठ आणि तिच्यातले भोक उरले आहे. कबरेभोवती चिलखत घातलेले सैनिक झोपलेले किंवा दचकून जागे झालेले आहेत. बाहेर टाकलेले पाऊल कुठे पडले आहे ते पाहावे. इंग्रजी फलकांत ते बहुधा जमिनीवर पडत नाही, झोपलेल्या सैनिकाच्या अंगावरच पडते, आणि कुठल्याही शुभवर्तमानात नसलेला हा तपशील या फलकांचे खास वैशिष्ट्य आहे. ‘येशू कबरेतून उठला’ असे पाटीवरून उतरवून घेणाऱ्याच्या नोंदीत तो कधीच येत नाही.

ज्या प्रसंगांची गल्लत होते त्यांच्याबद्दल थोडे विस्ताराने. मरीया, बाळ आणि बैल-गाढव दिसले की लगेच ‘येशूजन्म’ लिहू नये. एखादा वयस्क पुरुष मुकुट काढून गुडघे टेकत असेल आणि दुसरा वर ताऱ्याकडे बोट दाखवत असेल, तर तो मागी लोकांच्या भेटीचा प्रसंग आहे. गोव्याच्या रेइश मागुश गावाला ज्यांचे नाव आहे ते हेच तीन राजे. कोपऱ्यात काठी टेकून बसलेला म्हातारा हा चौथा राजा नसून योसेफ असतो.

मरीयेच्या शेवटच्या प्रसंगांत स्वर्गारोहण आणि राज्याभिषेक यांची सरमिसळ होते. ती उभी असून देवदूतांनी तिच्याभोवतीचे बदामाकृती तेजोवलय धरले असेल आणि खाली गुडघे टेकलेल्या थोमा या शिष्याला तिचा कमरपट्टा मिळत असेल, तर ते स्वर्गारोहण. ती बसलेली असून तिच्या डोक्यावर मुकुट ठेवला जात असेल तर राज्याभिषेक. दोन्ही एकाच फलकात एकत्र केल्याचीही उदाहरणे आहेत, तेव्हा दोन्ही नावे लिहावीत. येशूच्या स्वर्गारोहणात मात्र तो स्वतः जवळजवळ दिसतच नाही. वरच्या कडेशी ढगात शिरणारी दोन पावले आणि झग्याची किनार एवढेच असते. फलक वरून कापला गेला असेल तर तीही जातात आणि वर पाहणाऱ्या शिष्यांचा घोळका तेवढा उरतो.

सिंहासनावरील दाढीवाल्या पुरुषाने समोर क्रूसावरील येशू धरलेला असेल तर ते पवित्र त्रैक्य, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा, होय. तिसरा, म्हणजे पवित्र आत्म्याचे कबुतर, पुष्कळदा वेगळे करून जोडलेले असे. ते दिसत नाही म्हणून त्रैक्य नाकारू नये. क्रूसाच्या माथ्यावर भोक आहे का ते आठव्या टप्प्यातील नोंदीत पाहावे. नोंदी क्रमाने केल्याचा फायदा नेमका येथे मिळतो. अटकेच्या प्रसंगात चुंबन घेणारा यहूदा सगळ्यांना सापडतो, पण खाली पडलेला मल्ख (पेत्राने ज्याचा कान कापला तो प्रमुख याजकाचा दास) आणि तलवार म्यान करणारा किंवा उगारणारा पेत्र निसटतो. ताटात ठेवलेले दाढीधारी शिर हे येशूचे नव्हे, बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे असते. असे छोटे फलक घरगुती भक्तीसाठी मोठ्या संख्येने विकले जात. १४९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या निकोलस हिल याने आपल्या विक्रेत्यावर अशा ५८ शिरांच्या किमतीसाठी दावा लावला होता.

तपासणी: प्रसंगाच्या नावाला आधार देणाऱ्या किमान दोन गोष्टी फलकातच दिसतात का? एकच असेल तर नावापुढे ‘बहुधा’ लिहावे.

## १०. काळ आणि ठिकाण

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मध्ययुगीन इंग्रजी शिल्पाचे अभ्यासक एडवर्ड प्रायर यांनी या फलकांची जी कालवारी लावली ती ढोबळमानाने अजूनही वापरली जाते. छत्र नसलेले, साध्या किनारीचे आणि कमी उठावाचे फलक सुमारे १३८० पर्यंतचे. माथ्यावर त्याच दगडातील चर्या असलेले सुमारे १३८० ते १४२०. वेगळे छत्र बसवण्याजोगे सुमारे १४२० ते १४६०. आणि त्यानंतरचे अधिक गर्दीचे, खोल पोखरलेले, घाईने उरकलेले. हा आधार म्हणून वापरावा, पुरावा म्हणून नव्हे. कारखान्यांतले नमुने पिढ्यान्‌पिढ्या चालत आणि जुन्या पद्धतीचा फलक उशिराही कोरला जाई.

सैनिकांचे चिलखत अधिक भरवशाचे आहे, पण ते एकाच दिशेने बोलते. शिरस्त्राणाला लोंबणारी कड्यांच्या विणीची मानझूल चौदाव्या शतकाच्या अखेरीस आणि पंधराव्याच्या सुरुवातीस शोभते. तिच्या जागी पत्र्याचे गळाकवच आले असेल तर फलक त्यानंतरचा. फलक त्यातल्या सर्वांत नव्या चिलखताच्या काळाआधीचा असूच शकत नाही. उलट, जुन्या चिलखतावरून फलक जुना ठरत नाही. चेहऱ्याच्या ‘भाबडेपणा’वरून काळ ठरवण्याची पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी.

ठिकाण म्हणून ‘नॉटिंगहॅम’ लिहिण्याचा मोह आवरावा. तेथील काम मोठे होते यात शंका नाही. १३६७ मध्ये विंडसरच्या संत जॉर्जच्या चॅपेलसाठी पीटर नावाच्या तिथल्या कारागिराने केलेला शिल्पपट दहा गाड्यांतून नेला होता. पण यॉर्क, बर्टन आणि लंडन येथेही अलाबास्टरचे कोरक होते, आणि केवळ शैली पाहून त्यांचे काम वेगळे काढता येत नाही. ‘इंग्लंड, बहुधा मिडलंड्स (इंग्लंडचा मधला प्रदेश)’ एवढे पुरेसे आहे. फलक आज ज्या देशात आहे त्यावरून तो तिथे कोरला असेही मानू नये: स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील संत याकोबाच्या चरित्राचा शिल्पपट जॉन गुडइयर या इंग्रज धर्मगुरूने १४५६ मध्ये तेथे अर्पण केला होता.

## ११. आता पाटी वाचावी

सर्व रकाने भरल्यावर पाटी आणि संग्रहालयाची ऑनलाइन नोंद वाचावी आणि फरक वेगळ्या रंगाने लिहावेत. स्वतःची मूळ नोंद खोडू नये. नोंदीचा साचा असा ठेवता येईल:

‘फलक, वरची कड सरळ तासलेली, उजवी कड नंतर कापलेली. जिप्सम अलाबास्टर, तांबूस शिरा डावीकडून खाली. सहा आकृत्या. मुख्य आकृतीचा उजवा हात मनगटापासून तुटला; क्रूसाची काठी गळली, मुठीत भोक. खालच्या डाव्या सैनिकाच्या टाचेपाशी हिरव्यावर फुलाचे ठिपके. वर पार्श्वभूमीवर उंचवट्यांचे गोल डाग. प्रसंग: पुनरुत्थान (कबर, सैनिकावरील पाऊल). काळ: पंधराव्या शतकाचा मध्य, आधार माथा व गळाकवच. ठिकाण: इंग्लंड.’

पाटीतील काळ आपल्यापेक्षा पन्नास वर्षांनी वेगळा असेल तर आधी आकृत्यांच्या रकान्यातील चिलखताची नोंद पुन्हा तपासावी, मग कडांच्या रकान्यातील माथ्याची. प्रसंगाचे नाव वेगळे असेल तर हानीचा रकाना पाहावा. बहुतेक वेळा गळून पडलेल्या एखाद्या वस्तूमुळेच मतभेद झालेला असतो. तरीही पटले नाही तर संग्रहालयाला नोंदणी क्रमांक, फलकातील नेमकी जागा आणि त्या जागेचे तिरप्या प्रकाशातील छायाचित्र पाठवून विचारावे. प्रश्न एकाच तपशिलापुरता ठेवावा, म्हणजे त्याचे उत्तर देणे सोपे जाते.